साच्यांच्या गावी

जपानला जाऊन आलेला माणूस काय सांगतो ते आता घरोघरी पाठ झाले आहे. गाड्या मिनिटालाही चुकत नाहीत, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, आणि फुजी पर्वत नेमका त्या दिवशी ढगाआड होता. पहिल्या दोन गोष्टी मीही शपथेवर सांगायला तयार आहे. तिसरीत मात्र माझे नशीब थोडे बरे निघाले. चिरंजीवांनी तिकीट काढताना 'ई' क्रमांकाची खिडकी मागून घेतली होती. तोक्योहून पश्चिमेकडे निघालेल्या शिंकान्सेन गाडीत फुजी उजव्या हाताला येतो आणि ई म्हणजे उजवीकडची खिडकी. शिन-फुजी स्थानकाच्या आसपास तो आला, पायथ्याशी कारखान्यांच्या चिमण्या आणि माथ्यावर उरलेसुरले बर्फ असा उभा राहिला, आणि मी चष्मा पुसून नीट बसेपर्यंत निघूनही गेला. त्या गाडीच्या वेगापुढे पर्वतांचेही काही चालत नाही.

पण मी निघालो होतो ते फुजी पाहायला नव्हे. मी निघालो होतो शिझुओकाला. तोक्योपासून हे गाव १८० किलोमीटर. सर्वांत वेगवान नोझोमी गाडी तिथे थांबतच नाही. हिकारीने गेलात तर तासाभरात पोचता. आमच्या चिंचवडच्या घराजवळून जपानला जाऊन आलेली तीन कुटुंबे आहेत. तिघांनाही विचारून पाहिले. शिझुओका कुणाच्याच सहलीत नव्हते. एक गृहस्थ तर म्हणाले, "तिथे पाहायला काय आहे?"

तिथे काय आहे हे सांगण्याआधी मला स्वतःविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचे कळायचे नाही. मी पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे टूलरूममध्ये काढली. टूलरूम म्हणजे जिथे साचे घडतात ती जागा. तुमच्या घरातली बादली, स्विचचे बटण, मोटारीच्या दिव्यामागचा प्लास्टिकचा भाग, हे सगळे कुठल्या ना कुठल्या पोलादी साच्यातून बाहेर पडलेले असते. लोक बादली पाहतात. आम्ही बादली उलटी करून साच्याचे दोन भाग कुठे मिळाले ती रेघ शोधतो. ही खोड निवृत्तीनंतरही जात नाही. लग्नाच्या पंगतीत मी प्लास्टिकचा पेला उलटा करून पाहतो आणि आमची सौ. मला कोपराने ढोसते.

दुसरी गोष्ट एका खोक्याची. २००१ च्या दिवाळीत माझे मेहुणे बोटीवरून सुट्टीला आले. ते व्यापारी जहाजावर होते आणि योकोहामाहून त्यांनी भाच्यासाठी एक खोके आणले होते. खोक्यावर अवकाशात निघालेल्या एका युद्धनौकेचे चित्र. आत प्लास्टिकचे सुटे भाग. ते जोडायचे की नौका तयार. मुलगा दहावीला होता. दर दिवाळीला इमारतीच्या आवारात मातीचा किल्ला करण्यात तो पुढारी असे, आणि ही नौका तारेने किल्ल्याच्या वर टांगायची असा त्याचा बेत होता. "किल्ल्यावर तोफा असतात, मग वरून तोफांचं जहाज गेलं तर काय बिघडलं?" असे तो म्हणाल्याचे मला आठवते. मी ते खोके माळ्यावर टाकले. मार्चमध्ये परीक्षा झाली की काढून देईन, असे सांगितले. परीक्षा झाल्यावर त्याने माळा उपसला तेव्हा खोके तिथे नव्हते. रंगकामाच्या धांदलीत कुठे गेले असेल, असे मी म्हणालो. तो काही बोलला नाही. खोक्याचे खरे काय झाले ते योग्य वेळी सांगतो. सौ.ला ते ठाऊक होते, एवढेच आता सांगून ठेवतो.

पुढे मुलगा शिकला, जपानला गेला, तिथेच राहिला. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता प्रथमच त्याच्याकडे गेलो. तोक्योच्या निशी-कासाई भागात त्याचे घर आहे. तिथे आपली माणसे इतकी की पोह्यांपासून हिंगापर्यंत सगळे कोपऱ्यावर मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.ने पांघरुणे ठेवायला भिंतीतले कपाट उघडले आणि मला हाक मारली. "अहो, याने दुकान काढलंय की काय?"

कपाटात जमिनीपासून वरपर्यंत खोकी रचली होती. मी मोजली. त्रेचाळीस. सगळ्यांवर अवकाशयाने, आणि एकही उघडलेले नाही. सूनबाई म्हणाल्या, "आणखी अकरा ऑफिसात आहेत." जपानी माणूस प्लास्टिकच्या मॉडेलला 'पुरामोदेरु' म्हणतो, त्याचे लाडके रूप 'पुरामो', आणि विकत घेऊन न जोडता रचून ठेवलेल्या खोक्यांना त्यांच्या भाषेत 'त्सुमि-पुरा' असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या अर्थी शब्द आहे, त्या अर्थी रोग जुना असला पाहिजे. मी चिरंजीवांना विचारले, "जोडत का नाहीस?" तो म्हणाला, "जोडलं की संपलं, बाबा." आणि मग जरा थांबून, "शनिवारी शिझुओकाला येता? तुम्हाला आवडेल. सगळं साच्यांचंच गाव आहे."

निघताना सौ. दारापर्यंत आली. ती आणि सूनबाई कामाकुराचा बुद्ध पाहायला जाणार होत्या. माझ्या हातात चिवड्याची पिशवी देत हळूच म्हणाली, "आता तरी सांगा त्याला."

शिझुओका स्थानकाबाहेर पाऊल टाकले आणि मी हसलोच. समोर टपालपेटी होती, पण कशी? एका मोठ्या चौकटीत तिचे सुटे भाग काड्यांनी जोडलेले, जसे मॉडेलच्या खोक्यात निघतात तसे. प्लास्टिक ओततो तेव्हा वितळलेला रस ज्या वाटांनी साच्यात पसरतो त्या वाटाही गोठतात आणि भागांना चिकटून बाहेर येतात. आम्ही त्यांना रनर म्हणतो आणि तोडून भंगारात टाकतो. या गावाने तो रनर सार्वजनिक ठिकाणी उभा केला आहे. जवळच टेलिफोनसुद्धा असाच चौकटीत बसवलेला. २०२१ पासून नगरपालिकेने हे आरंभले. पेटीत पत्रेही टाकता येतात. चौतीस वर्षे मी जे भंगारात टाकले त्याचे कुणीतरी स्मारक केलेले पाहून काय वाटले ते टूलरूमवाल्यालाच समजेल.

जपानात तयार होणाऱ्या प्लास्टिक मॉडेलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक माल या एका परिसरातून निघतो. आपल्याकडे पितळ्याची भांडी एका गावची, पैठण्या दुसऱ्या गावच्या, तसाच प्रकार. याचे मूळ तिथले लोक थेट तोकुगावा इएयासूपर्यंत नेतात. सत्ता मुलाच्या हाती सोपवून हा शोगुन १६०७ मध्ये इथे, तेव्हाच्या सुनपूला, येऊन राहिला. त्याचा किल्ला आणि पुढे सेन्गेन देवस्थान यांच्या बांधकामांसाठी देशभरचे सुतार, लाखकाम करणारे, कोरीवकाम करणारे आले. एकोणिसाव्या शतकात तर या देवळांची पुनर्बांधणी साठ वर्षे चालली. साठ वर्षे चालणारे काम संपते तेव्हा कारागिराचा नातूही तिथलाच झालेला असतो. ती मंडळी राहिली. त्यांच्या हातून लाखेच्या वस्तू, लाकडी सामान, बाहुल्या, आणि मग लाकडाची खेळण्यातली विमाने व बोटी असे एकेक निघत गेले.

तामिया हे नाव मॉडेलांच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. ती १९४६ मध्ये योशिओ तामिया यांनी सुरू केलेली लाकडाची वखार होती. शहर १९४५ च्या जूनमध्ये बॉम्बवर्षावात जळलेले, घरे बांधायला लाकूड हवे, म्हणून वखार. पुढे वखारीतलाच माल आगीत गेला आणि त्यांनी लाकडी मॉडेलांवर भर दिला. पन्नाशीच्या अखेरीला परदेशी प्लास्टिक आले आणि लाकूड कुणी विचारीना. १९६० मध्ये तामियांनी कर्ज काढून पहिला साचा केला, तो यामातो या युद्धनौकेचा. नेमकी तीच नौका दुसऱ्या एका कारखान्याने कमी किमतीत बाजारात आणली आणि तामियांचे पैसे बुडाले. साचा किती महाग असतो हे ज्याला माहीत आहे त्याच्या पोटात हे वाचून गोळा येईल. मग त्यांनी जर्मन पँथर रणगाडा काढला. रणगाड्यात मोटर आणि दोन बॅटऱ्या बसल्या पाहिजेत, म्हणून अंग तेवढे रुंद ठेवले. नंतर हिशेब केला तर मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे माप निघाले. आज जगभर रणगाड्यांची मॉडेले १/३५ या मापात निघतात. त्या पवित्र आकड्यामागे एवढेच आहे, दोन बॅटऱ्या.

पण मी अवकाशयानांविषयी बोलत होतो.

त्यांची कथा सुरू होते इंग्लंडमध्ये. १९६५ मध्ये तिथे 'थंडरबर्ड्स' नावाची कळसूत्री बाहुल्यांची मालिका निघाली. १९६६ च्या एप्रिलमध्ये ती जपानी दूरचित्रवाणीवर आली आणि मुले वेडी झाली. तिच्यातले थंडरबर्ड दोन हे पोटात पेटी घेऊन उडणारे हिरवे गलेलठ्ठ यान इमाई नावाच्या इथल्याच कंपनीने मॉडेल म्हणून काढले, आणि ते इतके खपले की कारखाना पुरा पडेना. खोक्यावरची चित्रे शिगेरु कोमात्सुझाकी या चित्रकाराची. मुले आतला माल नव्हे तर ते चित्र विकत घेत, असे म्हटले तरी चालेल. भरभराटीत माणूस जे करतो तेच इमाईने केले. त्याच निर्मात्यांची 'कॅप्टन स्कार्लेट' ही पुढची मालिकाही तशीच चालेल या भरवशावर त्यांनी भांडवल साच्यांत ओतले. मालिका जपानी मुलांच्या मनात भरली नाही. १९६९ मध्ये कंपनी बसली. शिमिझूचा कारखाना आणि साचे बान्दाई या तोक्योच्या खेळण्यांच्या कंपनीने घेतले.

साचा एकदा झाला की मालक बदलतात, साचा राहतो. त्या कारखान्यातून पुढे काय काय निघाले! १९७४ मध्ये 'अवकाश युद्धनौका यामातो' ही चित्रमालिका आली. १९४५ च्या ७ एप्रिलला अमेरिकन विमानांनी खरी यामातो सुमारे तीन हजार माणसांसह बुडवली होती. मालिकेत तिच्या सांगाड्यातून अवकाशयान उभारतात, आणि किरणोत्साराने मरू घातलेल्या पृथ्वीसाठी औषध आणायला ते १,४८,००० प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहावर जाते. हरलेल्या देशाने बुडालेले जहाज वर काढून आकाशात नेले. तामियांना बुडवणारी यामातो इथे बान्दाईला तारून गेली, पण तीही लगेच नव्हे. पहिल्या वेळी मालिका फारशी कुणी पाहिली नाही. १९७७ मध्ये तिचा चित्रपट झाला तेव्हा रांगा लागल्या. बान्दाईच्या पहिल्या यामातोला किल्ली देऊन फिरणारी चाके होती! खेळण्यात काहीतरी हलले पाहिजे, ही जुनी समजूत. पोरांना ते नको होते. त्यांना पडद्यावर दिसते तसेच यान हवे होते, न हलणारे. पुढे १९८० च्या जुलैमध्ये गुंदाम या यंत्रमानवाचे ३०० येनचे मॉडेल निघाले आणि त्यानंतरचा इतिहास इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बान्दाईचा २००६ मध्ये उघडलेला कारखाना शिझुओकाच्या नागानुमा भागात आहे. आत जायला सोडत लागते, आमचे नाव निघाले नाही. बाहेरून पाहून आलो. आत असलेली यंत्रे एकाच चौकटीत चार रंगांचे प्लास्टिक एका वेळी ओततात. मुलगा हे सांगत होता आणि मी कुंपणाशी उभा राहून, एका साच्यात चार रंग एकमेकांत न मिसळता कसे नेत असतील, याचा विचार करत होतो. पहारेकऱ्याने दोनदा पाहिले.

दर मे महिन्यात इथे हॉबी शो भरतो. ट्विन मेस्से नावाची प्रचंड दालने आहेत, तिथे. कंपन्यांचा झगमगाट एका बाजूला, तो मी पाचेक मिनिटांत पाहून घेतला. खरी मौज पलीकडच्या दालनात. जपानभरची आणि बाहेरची दोनशेहून अधिक हौशी मंडळे आपापली कामे टेबलांवर मांडून बसलेली. कुणी कुणाला काही विकत नाही. गृहस्थ लोक घडीच्या खुर्च्यांवर बसून डबे खाताहेत आणि समोर आकाशगंगेतील आरमारे पसरली आहेत.

एका टेबलाशी मी थबकलो. साधारण हातभर लांबीचे राखाडी यान होते. कुठल्याही मालिकेतले नव्हे, स्वतःच्या मनाने केलेले. अंगभर नळ्या, झडपा, पेट्या, जाळ्या. मी वाकून पाहिले तर एक पेटी म्हणजे रणगाड्याचे इंजिनावरचे झाकण. एक नळी मोटारसायकलच्या मॉडेलमधली. आणि ती गोल जाळी, ती बहुधा चहाच्या गाळणीची. कर्त्या गृहस्थांना मी हे बोटाने दाखवले. ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. मुलाने दुभाष्याचे काम केले. माझ्याच वयाचे निघाले, १९५४ सालचे. बाराव्या वर्षी त्यांनी पहिले थंडरबर्ड दोन जोडले होते.

हा सगळा प्रकार, ते म्हणाले, चित्रपटवाल्यांचा. थंडरबर्ड्सच्या कारागिरांनी यानांवर मॉडेलांतले सुटे भाग चिकटवले. त्यांच्या एका तळघराच्या भिंतीवर तर लिंबू पिळायचे पात्र बसवले होते. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'त तेच. आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'साठी कॅलिफोर्नियात व्हॅन नाइस इथल्या एका वखारीत पोरसवदा कारागिरांनी रणगाडे, युद्धनौका, शर्यतीच्या मोटारी यांची खोकीच्या खोकी फोडली आणि त्यांतले तुकडे अवकाशयानांवर लावले. डोळ्याला वाटते, एवढ्या बारकाव्याची वस्तू म्हणजे प्रचंडच असणार. त्या खोक्यांत तामियांची पुष्कळ होती. म्हणजे शिझुओकाच्या साच्यातून निघालेला रणगाड्याचा तुकडा हॉलिवुडला जाऊन मिलेनियम फाल्कन झाला; आणि मग त्याच फाल्कनचे मॉडेल जपानी कंपन्यांनी काढले, त्यात तो मूळचा रणगाड्याचा तुकडा इवलासा करून पुन्हा साच्यात कोरला! बान्दाईने २०१७ मध्ये काढलेले फाल्कन तेव्हा ४०,००० येनचे होते, कर वेगळा. जगभरचे शौकीन मूळ यानावरचा कोणता तुकडा कोणत्या खोक्यातला याच्या याद्या करतात. आपल्याकडे शिलालेखांवर लोक असे आयुष्य घालवतात.

मी त्या गृहस्थांच्या यानावर नेहमीप्रमाणे साच्याची रेघ शोधत होतो. सापडेना. दोन अर्धुके जोडली की रेघ राहतेच. मी हवेत बोटाने रेघ काढून, तळवे उलटे करून विचारले, कुठे गेली? ते खुशीत हसले. माझे बोट धरून यानाच्या पोटावरून फिरवले आणि एका जागी थांबले. नखाला किंचित काही लागले. तेही मला वाटले असेल. मग त्यांनी खिशातून पॉलिश पेपरचा कपटा काढून दाखवला. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग ओला करून. आम्ही टूलरूममध्ये साच्याचा पोटभाग असाच घासायचो. ते मॉडेलची रेघ घालवत, मी साच्याची. मध्ये भाषा नव्हती म्हणून काही अडले नाही. पुढची वीस मिनिटे चिरंजीव नुसते उभे होते.

संध्याकाळी गावातल्या ओदेन गल्लीत गेलो. दहा-बारा माणसे मावतील एवढीच दुकाने, मध्ये काळ्याशार रश्श्याची कढई, तीत काड्यांना टोचलेले जिन्नस. रस्सा मांसाचा असतो हे चिरंजीवांनी आधीच सांगितले. मी तो सोडून चिवडा काढला. दुकानदारीणबाईंनी हरकत घेतली नाही, उलट एक मूठ मागून घेतली. मुलाने मुळा आणि अंडे घेतले.

मी म्हटले, "ते खोकं रंगकामात हरवलं नव्हतं."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि काडीने मुळ्याच्या चकतीचे चार तुकडे केले.

आता सांगितले पाहिजे. २००२ च्या एप्रिलमध्ये आमच्या साहेबांच्या मुलाचा वाढदिवस होता. आमंत्रण ऐनवेळी आले. सुपरवायझरच्या जागेसाठी तिघांची नावे पुढे गेलेली, त्यात माझे एक. बाजारात जायला वेळ नव्हता. माळ्यावर परदेशी, कोरे, न उघडलेले खोके होते. मी ते रंगीत कागदात गुंडाळले. आत काय आहे ते मी उघडूनसुद्धा पाहिले नव्हते.

"साहेबांकडे गेलं ते," मुलगाच म्हणाला. "तो माझ्याच क्लासला होता, बाबा. सगळ्या सूचना जपानीत. त्याला काही कळेना. अर्धी नळी गोंद ओतून बसला होता. मला म्हणाला, तुला जमतं ना असलं, ये की घरी. मे महिन्यात आठ दिवस जात होतो. तुम्हाला सांगायचो, क्रिकेटला जातो."

"म्हणजे तू..."

"मीच जोडून दिलं त्याला. छान झालं होतं. रंगसुद्धा दिला." त्याने अंड्याचा तुकडा तोंडात टाकला. "पहिल्या दिवशी राग आला. झाकणाच्या आतल्या बाजूला मामाने पेनने माझं नाव लिहिलं होतं."

"ते त्या मुलाने पाहिलं?"

"पाहिलं असणार. म्हणूनच बोलावलं असेल."

दुकानात कुणीतरी मोठ्याने हसले. मी चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत बसलो. बऱ्याच वेळाने विचारले, "मग मला बोलला का नाहीस? इतक्या वर्षांत?"

"तेव्हाच तुम्ही सुपरवायझर झालात ना," तो म्हणाला. "आई इमारतीत पेढे वाटत होती."

ती जागा मला खोक्यामुळे मिळाली नव्हती. चोवीस वर्षांच्या कामावर मिळाली होती, आणि एका वाढदिवसाच्या भेटीने कुणी सुपरवायझर होत नसतो. हे मी बावीस वर्षे स्वतःला सांगत आलो होतो, आणि ते खरेही आहे. त्या वेळी मात्र ते बोलावेसे वाटले नाही. मी बिल मागितले. तो म्हणाला, मी देतो. मी म्हणालो, नाही. या एका बाबतीत त्याने ऐकले.

रात्री शिझुओकालाच राहिलो. सकाळी एका दुकानात गेलो आणि यामातो मागितली. नव्या मालिकेतली नौका ३३३ मीटर लांबीची, तिचे १/१००० मापाचे मॉडेल, म्हणजे फूटभराहून थोडे अधिक. गोंद लागत नाही, भाग एकमेकांत दाबून बसतात. पैसे मी दिले. दुकानाच्या काउंटरवरच पेन मागून झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत नाव लिहिले. चिरंजीव म्हणाले, "माझ्याकडे त्रेचाळीस आहेत, बाबा. हे तुम्हीच न्या."

आणि काय सांगू, चिंचवडला आल्यावर ते खोके मी माळ्यावर ठेवले. मुद्दाम नव्हे. आज काढू, उद्या काढू. वर्ष गेले. चष्म्याचा नंबर वाढला. शेवटी या पावसाळ्यात सौ.नेच शिडी लावली.

चौकटी टेबलावर मांडल्या आणि पहिले दोन दिवस मी काहीच जोडले नाही. नुसते पाहत होतो. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या खुणा एकूणएक आतल्या बाजूला, जिथे जोडल्यावर दिसणार नाहीत. रस आत जाण्याच्या वाटा अशा जागी नेलेल्या की तोडल्यावर व्रण झाकला जावा. दोन भाग मिळतात ती रेघ त्यांनी लपवलेलीच नाही. तिथे नौकेच्या पत्र्याचा सांधाच दाखवला आहे. साच्याची अडचण हीच चित्रातली रेघ! आमच्या टूलरूममध्ये हे कुणी करून दाखवले असते तर मी त्याला उभ्या उभ्या बढती दिली असती. कटरने एकेक भाग सोडवायचा, काटा कानशीने घासायचा, दाबायचे. बसताना टिक् असा आवाज होतो. घराच्या कुलपाचा असतो तसा.

सतरा दिवसांत नौका झाली. एकच भाग राहिला आहे, नाळेच्या टोकाची मोठी तोफ, जिच्यावर त्या मालिकेत सगळा भरवसा असतो. तो बसवताना दोन्ही अर्धुके एकदम धरावी लागतात आणि माझा डावा हात हल्ली थोडा कापतो. फोनवरून चिरंजीवांना दाखवले. म्हणाला, जोर लावू नका, तो राहू द्या, दिवाळीला येतोय.

तोवर जेवणाच्या टेबलाची एक बाजू यामातोकडे आहे. आम्ही दोघे दुसऱ्या टोकाला जेवतो, आणि आमटी वाढताना सौ. पातेले लांबून फिरवून आणते.